कढईतली तफावत

आहार-संवेदन प्रयोगशाळा क्रमांक चार ही वसईतल्या भुईगावात, कार्मेलीन तुस्कानो यांच्या स्वयंपाकघरात होती, आणि या गोष्टीचा कार्मेलीनबाईंना रोज सकाळी दहा वाजता नव्यानं वैताग येत असे.

वैतागायला कारणं भरपूर होती. शेगडीच्या डोक्यावर तीन कॅमेरे बसवले होते. कढईखाली वजनपाट होता. बाईंच्या दोन्ही मनगटांवर राखाडी पट्टे चढवलेले असत. त्यांचं नाव 'हस्तलेखी'. हात किती वळला, किती जोरानं ढवळलं, कुठे क्षणभर थांबला, हे सगळं ते टिपून घेत. आणि या सगळ्यांहून मोठा ताप म्हणजे ओट्याशी उभे असलेले डॉक्टर श्रीनिवास खासनीस. वय एकेचाळीस, चवविज्ञानात डॉक्टरेट, आणि एकदा प्रश्न सुरू केले की थांबायचं नाव नाही.

"गूळ किती घातलात, मावशी?"

"घातला तेवढा."

"ग्रॅममध्ये?"

"अरे डॉक्टर, तुझा तो पाट बसलाय ना कढईखाली? त्याला विचार. मला कशाला छळतोस?"

"पाट एकूण वजन सांगतो. गूळ आणि मसाला तुम्ही एकदमच टाकलात. मला ते वेगवेगळे हवेत."

"मग उद्यापासून गूळ सोमवारी टाकते आणि मसाला मंगळवारी. चालेल?"

खासनीसांनी निमूटपणे 'गूळ: अंदाजे' असं लिहिलं. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी हा शब्द इतक्या वेळा लिहिला होता, की मुख्यालयातून त्यांना लेखी विचारणा झाली होती.

पदार्थ तसा तुस्कानोंच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. कार्मेलीनबाईंचे यजमान इनास हे मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे आचारी. पूर्वेकडच्या बंदरांतून ते दरवेळी सोया सॉसच्या बाटल्या घेऊन यायचे. नवऱ्यानं आणलेली वस्तू फेकायची कशी, म्हणून बाईंनी ती घरच्या बाटली मसाल्याच्या गळ्यात बांधली. हा मसाला वसईच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात कुटतात आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरतात. एका घराचा दुसऱ्या घराशी जुळत नाही, आणि जुळावा अशी कुणाची इच्छाही नसते. तर डुकराच्या मांसाच्या चरबीसकट पातळ पट्ट्या, त्यांना हा मसाला चोळायचा, मोठ्या आचेवर त्यांच्याच चरबीत परतायच्या, आलं-लसूण, उभा कांदा, सोया सॉस, गूळ, आणि शेवटी अननसाच्या फोडी. गोड, खारट, तिखट, सगळं एका कढईत. इनास म्हणायचे, की हे जगातल्या कुठल्याही बंदरात मिळत नाही, आणि ते ठीकच आहे. पण मुलगा बॅसिल लहानपणापासून हे पातेलं पुसून खायचा.

तो बॅसिल आता चौतीस वर्षांचा होता, आणि मंगळाभोवती फिरत होता.

'उत्तरा' नावाच्या नौकेत सहा जण होते. त्यांपैकी चार जण खाली उतरणार होते, दोघं नौकेतच राहून पाच महिन्यांनी पृथ्वीकडे परत निघणार होते. बॅसिल भूजलतज्ज्ञ. मंगळाच्या मातीखालचं बर्फ कुठे आणि किती आहे, हे शोधण्यासाठी त्यानं नऊ वर्षं तयारी केली होती. त्याचं नाव उतरणाऱ्यांत पहिलं होतं. अट एकच: उतरायच्या दिवशी वजन निदान एकसष्ट किलो हवं, कारण खाली रसद मोजकी आणि अंगात साठा नसलेला माणूस तिथे टिकत नाही. निघताना बॅसिल एकोणसत्तर किलोचा होता. चौदा महिन्यांनी तो सत्तावन्नवर आला होता. आजार काही नव्हता. त्याला जेवण जात नव्हतं, बस. घास तोंडात घेतला की उबळ यायची.

म्हणून ही प्रयोगशाळा, आणि बाकी पाच जणांच्या घरीही अशीच एकेक. इथे कढईत जे जे व्हायचं त्याची नोंद अकरा वाजता मंगळाकडे रवाना व्हायची. तिथलं प्रतिपाक यंत्र ती वाचून, टाकीत वाढवलेलं पेशीमांस आणि नळ्यांतले मसाले घेऊन, तोच पदार्थ त्याच हातानं आणि त्याच आचेवर पुन्हा रांधायचं. यंत्राला एका पदार्थासाठी तयार करण्यातच आधी सहा आठवडे जायचे, म्हणून एका माणसाला एकच पदार्थ. योजना लागू पडली होती. बॅसिल साठ किलो चारशे ग्रॅमवर आला होता, आणि त्याच्या तक्रारीही यायला लागल्या होत्या.

"आय, आज मसाला चढलाय. नाकातून पाणी आलं. ताट साफ."

"चढलाय म्हणे!" बाई पडद्याकडे बघून ओरडायच्या. "तिकडे कोट्यवधी मैलांवर बसून मला मसाला शिकवतोय!" पण दिवसभर त्या खुशीत असायच्या, हे खासनीसांनी नोंदवलं नसलं तरी पाहिलं होतं.

उतरायला वीस दिवस होते, तेव्हा मोहिमेच्या मुख्य वैद्य डॉक्टर रुखसाना मुकादम पडद्यावर आल्या. बाई रत्नागिरीच्या, कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून.

"खासनीस, अर्थसमितीला तुमची योजना म्हणजे चैन वाटते. सहा घरांत सहा स्वयंपाकघरं कशाला, विचारतात. यंत्राला पाककृती द्या आणि मोकळे व्हा, म्हणतात. त्यांना कळेल अशा भाषेत मला एकदा सांगा. सूत्रं नकोत."

कार्मेलीनबाई फळीवर कांदा चिरत होत्या. खासनीसांनी खुर्ची ओढली.

"अंगात सदरा आहे हे आपल्याला दिवसभर जाणवतं का? घालताना जाणवतं, मग नाही. कारण मेंदू आधीच अंदाज बांधतो, आणि अंदाजाप्रमाणे घडलं की ती खबर तिथेच दाबतो. जिभेचंही तेच. घास तोंडात जायच्या आधी मेंदूनं चवीचा अंदाज बांधलेला असतो. तो बरोबर निघाला की चव लागतच नाही. अंदाज आणि घास यांत जो फरक असतो, त्याला आम्ही अपेक्षा-तफावत म्हणतो. आपण चाखतो ती तफावत."

"आणि यंत्राचं जेवण?"

"तंतोतंत. रोज तेच. तफावत शून्य. आधी चव जाते, मग भूक जाते, मग घास गिळायची इच्छा जाते."

"मग यंत्रालाच थोडं चुकायला सांगा ना. आज मीठ कमी, उद्या जास्त. त्याला कार्मेलीनबाई कशाला हव्यात?"

"केलं तेही. नवव्या दिवशी फसलं. उगाच केलेली चूक मेंदू ओळखतो, पंख्याच्या घरघरीसारखी कानाआड टाकतो. माणसाच्या हातच्या चुकीला कारण असतं. कांदा ओला होता म्हणून जास्त परतला, तोवर कढई तापली, म्हणून गूळ धरला. एकातून एक. मेंदू ते कारण शोधत बसतो. शोधतोय तोवर भूक जिवंत."

"हां, हे समितीला कळेल," मुकादम लिहून घेत म्हणाल्या. "शिवाय खाली वस्तीवर चार वर्षं हेच चालवायचं, म्हणजे..."

"कोण चार वर्षं?" कार्मेलीनबाईंची सुरी थांबली.

पडद्यावरच्या मुकादमबाई आणि खुर्चीतले खासनीस एकमेकांकडे बघायला लागले.

"पुढची नौका न्यायला येईपर्यंत, मावशी," खासनीस हळूच म्हणाले. "उतरलेले लोक चार वर्षं खाली राहणार. बॅसिलनं तुम्हाला..."

बॅसिलनं आईला सांगितलं होतं, की दीड महिना खाली आणि मग सगळे मिळून परत.

"सांगितलं असेल. मी विसरले असेन," बाई म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या. त्या दिवशी गूळ चांगलाच करपला, आणि बॅसिलनं तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासनीस आले तेव्हा बाईंनी त्यांच्यापुढे हात पसरला.

"तुझा तो छोटा वजनकाटा आण एकदाचा. रोज कटकट नको."

महिनाभर ज्या काट्याला या बाईंनी हात लावला नव्हता, तो त्यांनी स्वतः मागून घेतला! त्यांनी तो धावत गाडीतून आणला. मग रोज सकाळी गूळ बेचाळीस ग्रॅम, मसाला अठरा, सोया सॉस वाटीत मोजून, अननसाच्या फोडी चौदा. बाई प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगायच्या आणि घड्याळ लावून ढवळायच्या. प्रश्न विचारायचीही गरज उरली नाही. खासनीसांनी मुख्यालयाला कळवलं, की प्रयोगशाळा क्रमांक चारमधली मापनाची शिस्त आता सहा घरांत सर्वोत्तम आहे. त्यांना कौतुकाचं पत्रही आलं.

दहा दिवसांनी मुकादमांचा फोन आला, तो कौतुकाचा नव्हता.

"तुमची मोजमापं सुंदर आहेत आणि माझा रुग्ण उपाशी आहे! ताटं अर्धी परत येतायत. एकोणसाठ सहाशे. नऊ दिवस उरलेत, खासनीस. राखीव माणसाला तयार राहायला सांगू का मी?"

"अहो, पण इथे काहीच बदललेलं नाही. उलट सगळं इतकं नीट..."

"चवीत काही बिघडलंय का? चाखून बघितलंत?"

"मी कसा चाखणार? आमच्या घरी अंडंही येत नाही. तुम्ही मुख्यालयात नमुना मागवून..."

"मी?" मुकादम म्हणाल्या. "डुकराचं? मी कशी चाखणार?"

सहा आठवडे ते या पदार्थाबद्दल रोज बोलत होते, शेकडो पानं लिहीत होते, आणि त्याचा एक कणही दोघांपैकी कुणाच्या तोंडात गेला नव्हता. जाणारही नव्हता. चाखायचं काम त्यांनी मापकांवर सोपवलं होतं.

"बरं, आलेख पाठवा," मुकादम म्हणाल्या. "दहाही दिवसांचे, एकत्र." खासनीसांनी ते पाठवले. मुकादमांनी ते उघडले. "खासनीस, मी दहा मागितले होते. तुम्ही एकच रेघ पाठवलीत."

खासनीसांनी स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं.

"दहाच आहेत," ते म्हणाले. "एकावर एक बसल्यात."

ते तडक भुईगावला आले. बाई कढई घासत होत्या. खासनीसांनी न विचारता बर्फपेटी उघडली. आत मांसाच्या एकसारख्या पुड्या रचून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर 'अडीचशे' लिहिलेलं. शेजारी कांद्याच्या पुड्या. एकाच ढेपेचा किसलेला गूळ, चिमुकल्या डब्यांत.

"मावशी, हे काय आहे?"

"पोर्क."

"सगळं एकाच दिवशी आणून, सारखं मोजून ठेवलंय."

"तुलाच मोजून हवं होतं ना? महिनाभर डोकं खाल्लंस माझं."

"किती घातलं ते मला हवं होतं! रोज तेवढंच घाला, असं मी कधी म्हणालो?"

"तंतोतंत झालं की भूक मरते, असं म्हणालास. मी कांदा चिरत होते. कांदा चिरताना कान बंद होत नाहीत, डॉक्टर."

खासनीसांनी बर्फपेटी बंद केली. त्यांना राग आला होता, आणि तो बाईंवर जास्त आहे की स्वतःवर, हे त्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर तफावतीवर व्याख्यानं दिलेला माणूस, आणि एका बाईनं वजनकाटा मागितला म्हणून हुरळून गेला.

"मुद्दाम केलंत."

"मुद्दाम केलं." बाईंनी घासणी खाली ठेवली. "आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षं बोटीवर काढली. दहा महिने समुद्रात, दोन महिने घरी. बॅसिल झाला तेव्हा बोट कुठे होती तेही मला माहीत नव्हतं. म्हटलं, निवृत्त झाले की बसू दोघं. निवृत्त झाले आणि दीड वर्षात गेले. आता हा. मी अडुसष्टची आहे. चार वर्षं खाली, वर येण्यातलं वर्ष. तेव्हा मी असेन का? सांग ना, काय म्हणतं तुझं शास्त्र?"



"त्यानं नऊ वर्षं..." खासनीस म्हणाले.

"उपाशी मरत नाहीये तो. अगदीच खाईना झाला तर नळीनं देतात, मी विचारून घेतलंय. वर नौकेत बसेल, पाच महिन्यांनी निघेल. रागावेल माझ्यावर. रागावू दे. घरी येऊन रागावू दे."

"उद्या तरी नेहमीसारखं कराल?"

"उद्या मी करतच नाही. मला कंटाळा आलाय."

खासनीसांनी अंगणात जाऊन मुकादमांना सगळं सांगितलं. मुकादमांनी सगळं ऐकून घेतलं आणि आई या जमातीविषयी दोन-तीन शब्द बोलल्या, त्यांत त्यांची स्वतःची आईही आली. मग म्हणाल्या, "खासनीस, माणसाच्या हातची तफावत लागते, असं तुम्ही म्हणालात. कुणाच्या हातची, असं म्हणाला होतात?"

"नाही. कुणाच्याही. शर्त एवढीच, की चुकीला कारण हवं."

"मग तुम्ही करा. तुमच्या चुकांना कारणांची काय कमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, पळीवाढ आमटीच्या पलीकडे कधी न गेलेल्या डॉक्टर श्रीनिवास खासनीसांनी हस्तलेखी पट्टे स्वतःच्या मनगटांवर चढवले. रबरी हातमोजे घातले, चिमट्यानं मांसाची पट्टी उचलली आणि तोंड खिडकीकडे वळवून कढईत सोडली. कढई थंड होती. मांस चिकटलं. त्यांनी आच वाढवली, तर ते धुरायला लागलं. धूर झाला म्हणून त्यांनी घाईघाईनं अननस ओतला, अननसाला पाणी सुटलं म्हणून सोया सॉस, आणि खोकता खोकता बाटली उपडी झाली.

कार्मेलीनबाई हाताची घडी घालून खुर्चीत बसल्या होत्या. एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ते पहिल्या मिनिटातच मोडलं.

"अरे, तापू दे ना आधी! येशू, काय हा माणूस! कांदा? कांदा कोण घालणार, तुझा काका?"

खासनीसांनी कांदा घातला. तो कच्चाच राहिला. चव बघायचा प्रश्नच नव्हता. अकराला नोंद गेली.

दुपारी दोनला बॅसिलचा आवाज आला. बाईंनी घडी सोडली नव्हती.

"आय, बरी आहेस ना? आज काय झालं होतं? मांस बाहेरून कोळसा, आतून रबर. अननसाचा लगदा. सोया सॉस म्हणशील तर समुद्रच. कांदा कच्चा कसा राहिला, ते शोधता शोधता ताट संपलं. आधी वाटलं आच गेली असेल, मग वाटलं तू दुसऱ्या कामात असशील. अजून अर्धं मागून घेतलं, तरी पत्ता लागेना. खरं सांग, पडलीस-बिडलीस का?"

बाईंचा चेहरा आधी लाल झाला.

"माझं म्हणून खाल्लं त्यानं हे! हे माझ्या नावावर!" त्या कढईकडे बोट दाखवत ओरडल्या. "आणि मागून घेतलं वर!"

मग त्या हळूहळू खाली बसल्या.

"म्हणजे माझ्याच हातचं लागतं, असं काही नाही."

"नाही, मावशी," खासनीस म्हणाले. त्यांना खोटं बोलावंसं फार वाटलं.

बाई रडल्या. पदर तोंडाला लावून, हुंदके देऊन रडल्या, आणि मध्येच "तो धूर आहे अजून, खिडकी उघड" असंही म्हणाल्या. खासनीसांनी खिडकी उघडली. बाईंनी डोळे पुसले आणि पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बॅसिल, मी पडलेले नाही. आजचं त्या डॉक्टरानं केलं. त्याआधीचे दहा दिवस मी केलं, काट्यावर मोजून, तू खाऊ नयेस म्हणून. चार वर्षांचं मला कळलंय. मला तू खाली जायला नको आहेस. झालं, सांगितलं."

बारा मिनिटं जायला, बारा यायला. बाईंनी तेवढ्या वेळात कढई खसाखसा घासून काढली.

"आय," बॅसिल म्हणाला. "निघायच्या आदल्या दिवशी सांगणार होतो. हिंमत झाली नाही. तू मसाला भरून देत होतीस आणि मी तुझ्यासमोर बसून खोटं बोललो. चुकलं माझं. तुझ्यावर रागावलोय, पण तेवढा हक्क मला नाही. ऐक. आता मला जेवण जाईल आणि वजनही भरेल. पण तू नको म्हणालीस तर मी नाव मागे घेतो. मनापासून म्हणतोय. सांग, उतरू का?"

"बघितलंस?" बाई खासनीसांवर कडाडल्या, जणू त्यांनीच विचारलं होतं. "आता माझ्यावर ढकलतोय! बाप असाच. दरवेळी दारात उभं राहून विचारायचा, 'जाऊ ना, कार्मेलीन?' बॅग भरून, बूट घालून! एकदा तरी बूट घालायच्या आधी विचारायचं!"

"तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? जा म्हणायचे. न जाणारा नवरा घरात घेऊन काय करू? चार दिवस घरात बसला की खिडकीशी जाऊन उभा राहायचा नुसता." त्या पडद्याकडे वळल्या. "जा. पण आईनं आनंदानं पाठवलं, असं तिकडे कुणाला सांगत फिरू नकोस. मी रागावलेय, आणि रागावलेलीच राहणार आहे. आणि नळीनं खायचं नाही."

दुसऱ्या दिवशी खासनीस आले तेव्हा वजनकाटा अंगणातल्या बाकावर ठेवलेला होता आणि आत कढई तापत होती. बर्फपेटी रिकामी होती. सगळ्या पुड्या शेजाऱ्यांकडे गेल्या होत्या. बाईंनी सकाळी जाऊन ताजं मांस आणलं होतं, ते जरा जास्तच चरबीचं निघालं, म्हणून कसायाला नावं ठेवत त्यांनी मसाला वाढवला, मसाला वाढला म्हणून गूळ, आणि गुळामुळे सगळंच जरा काळं झालं. खासनीसांनी 'अंदाजे' लिहिलं आणि यापुढे स्पष्टीकरण मागू नये, असंही खाली लिहिलं.

बॅसिलच्या तक्रारी सुरू झाल्या. आठव्या दिवशी मुकादमांनी आकडा कळवला: एकसष्ट दोनशे.

"जाणार तर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली.

उतरणं सुखरूप पार पडलं. दुसऱ्या दिवशी खासनीस जरा उशिरानं, जरा अवघडून आले.

"मावशी, एक सांगायचं होतं. आमच्याकडे तीन जण तयार आहेत. चांगले रांधतात, मांसही खातात. चार वर्षं रोज सकाळी उभं राहायचं तुमच्यावर बंधन नाही. शास्त्राच्या दृष्टीनं कुणीही चालतं, हे आता सिद्धच झालंय."

"त्यांच्या हातचं खाऊन बॅसिल चार वर्षं काढेल?"

"काढेल."

"काढेलच. तुझ्या हातचं खाल्लं, तो कुणाचंही खाईल." बाईंनी पट्टे उचलले आणि मनगटांवर बांधायला घेतले. डावा पट्टा बसेना, तेव्हा त्यांनी हात खासनीसांपुढे केला. "पण काल काय चुकलं, का चुकलं, हे मेंदू शोधत बसतो, असं तूच म्हणालास ना? आय आज कुणावर भडकली, आयचा गुडघा दुखतोय का, आय रडली का. मग चार वर्षं रोज त्यानं मला शोधू दे. त्या तिघांना कशाला शोधायचं त्यानं? बांध नीट, सैल होतोय."